रात्रपाळीचे तक्ते आखणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
पाळ्यांचे वेळापत्रक ठरवणारे सर्व अधिकारी, व्यवस्थापक, मेट्रन आणि सुपरवायझर,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या तक्त्यात सगळे चौकोन सारखे असतात. सकाळ, दुपार, रात्र, सुट्टी. तासांची बेरीज जुळली, कुणाच्या वाट्याला जास्त रात्री आल्या नाहीत, की तक्ता नोटीस बोर्डावर लागतो. हे काम सोपे नाही, याची मला जाणीव आहे. माणसे अपुरी, रजेचे अर्ज भरपूर, आणि ऐन वेळी कुणीतरी आजारी पडतेच. तरीही हे पत्र तुम्हालाच लिहिते आहे, कारण पहाटे चार वाजता कामावर असलेल्या माणसाचा मेंदू कोणत्या अवस्थेत असेल, हे त्या माणसापेक्षा तुमच्या हातात अधिक असते.

मी परिचारिका आहे. नोकरीची बहुतेक वर्षे पाळ्यांमध्ये गेली, आता नव्या मुलींना शिकवते. आम्ही कामाला लागलो तेव्हा झोप हा शिस्तीचा विषय होता. पेंग आली तर तोंडावर पाणी मारा, उभे राहून काम करा, चहा घ्या. ज्याला झोप आवरत नाही तो कामचुकार. आजही रुग्णालये, कारखाने, नियंत्रण कक्ष, रेल्वे, विमानतळ, पहाऱ्याच्या चौक्या, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच मानले जाते. हा समज चुकीचा आहे. झोप येणे-न येणे मनाच्या निर्धारावर फार थोडे अवलंबून असते. मेंदूत त्याची एक यंत्रणा आहे, तिचे बरेचसे भाग आता ओळखले गेले आहेत, आणि ती तक्त्याला जुमानत नाही.

१९८२ मध्ये अलेक्झांडर बोर्बेली या झुरिकच्या शास्त्रज्ञाने झोपेचे एक साधे प्रारूप मांडले. पुढे त्यात भर पडत गेली, पण गाभा टिकून आहे. झोप दोन गोष्टींवर ठरते. तुम्ही किती वेळ जागे आहात, ही एक. आणि शरीराच्या घड्याळात आत्ता किती वाजले आहेत, ही दुसरी. दोन्ही वेगवेगळ्या चालतात. तक्ता करताना आपण पहिलीचा थोडाफार विचार करतो, 'मध्ये इतके तास विश्रांती मिळाली की' म्हणतो. दुसरी आपल्या हिशेबातच नसते.

आधी पहिली. जागेपणी मेंदूच्या पेशी सतत ऊर्जा वापरतात, आणि ही ऊर्जा ज्या रेणूतून येते त्याच्या विघटनातून अॅडेनोसिन तयार होते. जागरण लांबेल तसे ते मेंदूच्या काही भागांत साचत जाते आणि जागे ठेवणाऱ्या पेशींना आवर घालू लागते. मांजरांवरच्या प्रयोगात १९९७ मध्ये हे साचणे आणि झोपेत ओसरणे प्रत्यक्ष मोजले गेले. अॅडेनोसिन हा एकटाच घटक नाही, पण झोपेचा दाब का चढतो ते त्यावरून समजते. चहा-कॉफीतले कॅफिन या अॅडेनोसिनच्या जागा अडवून बसते. अॅडेनोसिन तिथेच असते, वाढतही असते, फक्त मेंदूला त्याचा निरोप पोहोचत नाही. कॅफिनचा अंमल उतरला की साचलेला दाब एकदम जाणवतो. शरीरातले निम्मे कॅफिन संपायला साधारण पाच तास लागतात, म्हणून पहाटे पाचला घेतलेली कडक कॉफी सकाळी दहाला घरी अंथरुणावरही निम्मी शिल्लक असते. रात्रपाळीच्या माणसाची दिवसाची झोप आधीच तोकडी, त्यातून ती आणखी पातळ होते.

आता दुसरी, म्हणजे घड्याळ. दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा मेंदूच्या तळाशी जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या अगदी वर पेशींचे दोन लहानसे पुंजके आहेत. दोन्ही मिळून सुमारे वीस हजार पेशी. एवढ्याशा जागेतून शरीराचे तापमान, संप्रेरके, पचन आणि जाग यांची दिवसभराची लय सांभाळली जाते. घड्याळाची यंत्रणा जनुकांत आहे. काही प्रथिने तयार होतात, साचतात, स्वतःचीच निर्मिती थांबवतात, मग झिजतात आणि पुन्हा सुरुवात होते. एक फेरा साधारण एका दिवसाचा. फळमाश्यांमध्ये या घड्याळाचे पहिले जनुक १९७१ मध्ये सापडले. त्याचे काम कसे चालते ते उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल मिळाले.

माणसाच्या या घड्याळाचा फेरा नेमका चोवीस तासांचा नसतो, सरासरीने काही मिनिटे जास्त भरतो. म्हणून त्याला रोज जुळवून घ्यावे लागते, आणि ते प्रकाशावरून जुळते. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की त्यांचे मुख्य काम चित्र दाखवणे नाहीच. उजेड किती आहे, एवढे त्या मोजतात आणि थेट त्या पुंजक्यांना कळवतात. निळसर उजेडाला त्या सर्वांत जास्त प्रतिसाद देतात, आणि सकाळच्या आकाशात तो मुबलक असतो. रात्रपाळी संपवून सकाळी बाहेर पडणाऱ्या माणसाला पहिल्यांदा भेटतो तो हाच उजेड. शरीर थकलेले, डोळे मिटायला आलेले, आणि घड्याळाला मात्र निरोप जातो की दिवस उजाडला. रोज सकाळी हा निरोप गेल्यावर घड्याळ रात्रीच्या कामाला जुळवून घेईल, ही अपेक्षा कशाच्या बळावर करायची?

'सवय होते हो' हे वाक्य मी आयुष्यभर ऐकले. तपासून पाहिल्यावर वेगळे दिसले. कायम रात्रपाळी करणाऱ्यांच्या शरीरातील मेलाटोनिनची, म्हणजे रात्र झाल्याचा निरोप शरीराला देणाऱ्या संप्रेरकाची, लय मोजणारे अभ्यास एकत्र करून २००८ मध्ये आढावा घेतला गेला. पूर्ण जुळवून घेतलेले लोक शंभरात तीनही निघाले नाहीत. बऱ्यापैकी जुळवून घेतलेले चौघांत एकाहून कमी. आणि हे कायम रात्री काम करणाऱ्यांबद्दल. आठवड्यागणिक पाळी बदलणाऱ्यांना तर जुळवायला सवडच मिळत नाही.

या दोन गोष्टी एकत्र कशा चालतात, ते नीट पाहिल्याशिवाय तक्त्यातली अडचण कळत नाही. सकाळी उठलेल्या माणसाचा झोपेचा दाब दिवसभर चढत जातो. मग संध्याकाळी तो पेंगत का नाही? कारण त्याच वेळी घड्याळ जाग टिकवण्याचा जोर वाढवत नेते आणि चढत्या दाबाला तोलून धरते. रात्री घड्याळाचा जोर ओसरतो, मेलाटोनिन वाढते, आणि माणूस झोपतो. झोपेत दाब उतरत जातो, पण घड्याळ अजून झोपेच्या बाजूने असते, म्हणून पहाटेची साखरझोप टिकते. शरीराचे तापमान पहाटे चार-पाचच्या सुमारास सर्वांत खाली असते, आणि लक्ष व प्रतिसादाचा वेगही त्याच सुमारास तळाला जातो.

आता रात्रपाळीचा माणूस घ्या. पहिल्या रात्री तो सकाळपासून जागाच असतो, कारण दुपारी झोपायचे ठरवले तरी घड्याळ झोपू देत नाही. पहाटे चारला त्याचा दाब कळसाला पोहोचलेला, आणि घड्याळही झोपेकडे ओढणारे. एरवी एकमेकांना तोलणाऱ्या दोन्ही शक्ती या तासाला एकाच दिशेने ओढतात. सकाळी घरी जाऊन तो आडवा होतो, दाबामुळे लगेच झोप लागते. पण चार-पाच तासांत दाब थोडा उतरला की दुपारचे घड्याळ त्याला उठवते. बाहेरचा गोंगाट, दाराची घंटा, मुले यांचा त्रास वेगळाच. खोली काळोखी आणि शांत असली तरीही हे घडते. तक्त्यात दोन पाळ्यांमध्ये सोळा तास दिसतात, मेंदूला त्यातून पाच तासांची तुटकी झोप मिळते. दुसऱ्या रात्री तो ही तूट घेऊन येतो, तिसऱ्या रात्री त्याहून मोठी.

झोप हळूहळू येत असती, तर माणूस सावध झाला असता. तीही सोय मेंदूने ठेवलेली नाही. १९१६-१७ च्या सुमारास व्हिएन्नात मेंदूदाहाची एक विचित्र साथ आली. काही रुग्ण दिवसचे दिवस झोपून राहत, काहींचा डोळ्याला डोळा लागत नसे. कॉन्स्टँटिन फॉन एकोनोमो या डॉक्टरांनी मरण पावलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले. सतत झोपणाऱ्यांमध्ये मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसच्या मागच्या भागाला इजा होती, झोप गमावलेल्यांमध्ये पुढच्या भागाला. त्यावरून त्यांनी अनुमान काढले की मेंदूत झोपवणारी आणि जागवणारी केंद्रे वेगळी आहेत. कोणतेही आधुनिक उपकरण हाताशी नसताना काढलेला हा निष्कर्ष पुढे खरा ठरला, आणि त्याबद्दल मला त्यांचे अपार कौतुक वाटते. पुढच्या भागातील झोपवणारा पेशीसमूह १९९६ मध्ये ओळखला गेला. मागच्या बाजूला आणि मेंदूच्या देठात जागवणाऱ्या पेशी आहेत. हिस्टामिन, नॉरअॅड्रिनॅलिन, सिरोटोनिन ही त्यांची रसायने. सर्दीच्या जुन्या गोळ्यांनी झापड येते ती यातले हिस्टामिन अडवले जाते म्हणून.

हे दोन्ही गट एकमेकांना दाबून टाकतात. जागवणारा गट जोरात असला की झोपवणारा गप्प, आणि उलट. या रचनेत मधली अवस्था टिकत नाही, विजेच्या बटणासारखी ती एका बाजूला पडते. बटण जागेच्या बाजूला घट्ट धरून ठेवणारे आणखी एक रसायन, ओरेक्सिन, १९९८ मध्ये सापडले. ज्यांच्या मेंदूतील ओरेक्सिन बनवणाऱ्या पेशी नष्ट होतात त्यांना नार्कोलेप्सी होते. बोलता बोलता, जेवता जेवता झोप लागते. निरोगी माणसाचे बटण दिवसा सहज हलत नाही. पण पहाटे, दोन्ही शक्ती झोपेकडे ओढत असताना, ते काही सेकंदांसाठी पलीकडे जाऊन परत येऊ शकते. डोळे कधी उघडेही असतात. तीन-चार सेकंद मेंदू झोपलेला असतो, आणि बऱ्याचदा त्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. गाडी चालवताना तीन सेकंद म्हणजे किती अंतर, हे वेगळे सांगायला नको.

त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट २०११ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसली. जास्त वेळ जागे ठेवलेले उंदीर हालचाल करत होते, मेंदूचा एकूण आलेखही जागेपणाचा होता. पण मेंदूच्या बाह्यपटलातील काही पेशीसमूह क्षणभर बंद पडत होते, जसे ते गाढ झोपेत पडतात. उंदीर जागा, मेंदूचा तुकडा झोपलेला. त्याच सुमारास साखरेची गोळी पंजाने उचलण्याचे त्यांचे काम चुकत होते. हे वाचल्यापासून पहाटेच्या चुका मी वेगळ्या नजरेने पाहते. हुशार, जबाबदार मुलगी औषधाचा डोस काढताना दशांश चिन्ह चुकीच्या जागी देते आणि विचारले तर म्हणते, 'सिस्टर, मी जागीच होते.' ती खोटे बोलत नसते.

मला सर्वांत जास्त वेळ ज्या अभ्यासाने विचारात पाडले तो २००३ चा. निरोगी प्रौढांना दोन आठवडे रोज रात्री ठरावीक वेळच झोपू दिले: कुणाला आठ तास, कुणाला सहा, कुणाला चार. दिवसभर त्यांची एकाग्रता तपासली. आठ तासवाले जवळपास होते तसेच राहिले. सहा आणि चार तासवाल्यांची कामगिरी दिवसागणिक घसरत गेली, आणि दोन आठवड्यांच्या शेवटी ती सलग एक ते दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांच्या पातळीला पोहोचली. पण स्वतःला किती झोप येते आहे असे विचारले, तर त्यांची उत्तरे पहिल्या काही दिवसांनंतर फारशी बदलत नव्हती. कामगिरी खाली जात होती, आणि ते सांगत होते की ठीक चालले आहे.

याचा अर्थ तुम्ही शांतपणे लक्षात घ्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. 'झोप येत असेल तर सांगा' असा नियम करून जबाबदारी कर्मचाऱ्यावर टाकता येत नाही. सांगायचे ते ज्याने ओळखायचे, तोच मेंदू आधी मंदावलेला असतो. 'जमेल ना डबल ड्युटी?' या प्रश्नाला नव्या मुली 'हो' म्हणतात. त्यात वरिष्ठांचा धाक असतो, पगाराची गरज असते, आणि खरोखरच जमेल असा विश्वासही असतो. दारू प्यालेल्या माणसाला 'गाडी चालवशील ना?' असे विचारून त्याच्या उत्तरावर कुणी विसंबत नाही. ही तुलना मी रागाने करत नाही. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी एकाच चाचणीवर दोन्ही मोजून पाहिले. सतरा तास सलग जागे असलेल्यांची हात-डोळ्यांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्याइतकी खालावली होती, चोवीस तासांनंतर सुमारे ०.१० टक्के असल्याइतकी. अनेक देशांत पहिल्या आकड्यालाच वाहन चालवणे गुन्हा ठरते.

१९८९ च्या मार्चमध्ये, मध्यरात्र उलटल्यावर, एक्सॉन वाल्डेझ हे तेलवाहू जहाज अलास्काच्या किनाऱ्याजवळ खडकावर चढले आणि कोट्यवधी लिटर तेल समुद्रात गेले. कप्तानाच्या दारूची चर्चा जगभर झाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने दिलेल्या कारणांमध्ये मात्र जहाज हाकणाऱ्या तिसऱ्या अधिकाऱ्याचा थकवा आणि कामाचा अतिरेकी बोजाही नोंदलेला आहे. ते फार कमी लोकांच्या लक्षात राहिले.

इतके सगळे करून झोप देते तरी काय, असा प्रश्न बैठकीत हमखास येतो. झोप म्हणजे रिकामा वेळ, असे त्यामागे गृहीत असते. झोपेत मेंदू बंद नसतो. साधारण नव्वद मिनिटांच्या फेऱ्यांत तो गाढ झोप आणि स्वप्नांची झोप यांच्यातून जातो. पूर्वरात्री गाढ झोपेचा वाटा मोठा, उत्तररात्री स्वप्नांच्या झोपेचा. उंदीर दिवसा ज्या वाटेने फिरला, त्या वाटेवर पेटलेल्या स्मृतिकेंद्रातील पेशी झोपेत पुन्हा एकत्र पेटतात, हे १९९४ मध्ये दाखवले गेले. शिकलेले पक्के होण्यात या उजळणीचा हात आहे. म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते: नव्या माणसांचे प्रशिक्षण रात्रपाळी संपल्यावर सकाळी ठेवू नका. डोळे उघडे ठेवून बसलेल्या त्या मुलींना तुम्ही शिकवत नसता, फक्त हजेरी घेत असता.

शरीराचे हिशेबही झोपेत होतात. वाढीच्या संप्रेरकाचा मोठा भाग गाढ झोपेत स्रवतो. १९९९ च्या एका अभ्यासात तरुण, निरोगी पुरुषांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिले, तर ग्लुकोज हाताळण्याची त्यांच्या शरीराची क्षमता मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसासारखी दिसू लागली. २०१५ मध्ये लोकांच्या नाकात सर्दीचा विषाणू सोडून पाहिले. रात्री सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून अधिक झोपणाऱ्यांपेक्षा सुमारे चार पट निघाली. प्राण्यांवरील प्रयोगांत झोप पूर्ण तोडली तर उंदीर काही आठवड्यांत मेले, भरपूर खाऊनही वजन घटत घटत. झोपेत मेंदूतील टाकाऊ द्रव्ये धुतली जातात असे २०१३ पासून फार ऐकू येते. त्यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे, २०२४ मध्ये उलट निष्कर्षही आला, म्हणून मी माझा युक्तिवाद त्यावर उभा करत नाही. त्याची गरजही नाही. रात्रपाळीच्या कामाला कर्करोगाचे 'संभाव्य' कारण मानावे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये म्हटले आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून तेच कायम ठेवले.

रात्रपाळी बंद करा, असे मी म्हणत नाही. रात्री बाळे जन्मतात, आगी लागतात, गाड्या धावतात. माझे मागणे आखणीबद्दल आहे.

पाळ्या पुढच्या दिशेने फिरवा: सकाळ, मग दुपार, मग रात्र. घड्याळाचा फेरा चोवीस तासांहून किंचित मोठा असल्याने उशिरा झोपणे त्याला सोपे जाते, लवकर झोपणे अवघड. अमेरिकेच्या युटा राज्यातील एका खनिज कारखान्यात कामगारांच्या पाळ्या दर आठवड्याला उलट्या दिशेने बदलत. त्या पुढच्या दिशेने आणि अधिक सावकाश फिरवल्यावर कामगारांचे समाधान वाढले, नोकरी सोडणारे कमी झाले आणि उत्पादनही वाढले. हे १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. चार दशके उलटली, तरी रात्र-दुपार-सकाळ अशी उलटी फिरणारी कोष्टके अजून भिंतीवर दिसतात, केवळ त्यात शेवटी सुट्टीचा तुकडा मोठा दिसतो म्हणून. त्या मोठ्या सुट्टीचा मोह कर्मचाऱ्यांनाही असतो, हे मान्य. त्यांच्याशी बोलायला हवे.

दुपारपाळीनंतर लगेच सकाळपाळी लावू नका. रात्री दहाला सुटलेला माणूस घरी जाऊन जेवून झोपेपर्यंत मध्यरात्र होते, आणि सहाच्या पाळीसाठी चारला उठावे लागते. युरोपीय संघाच्या कायद्यात दर चोवीस तासांत सलग अकरा तासांची विश्रांती सांगितली आहे. हा आकडा किमान समजावा. सलग रात्रींची संख्या थोडी ठेवा, दोन-तीन झाल्या की मध्ये दोन पूर्ण रात्री झोपायला द्या. ज्या दिवशी सकाळी रात्रपाळी संपते, त्या दिवसाला 'सुट्टी' म्हणून मोजू नका. तो दिवस झोपेची थकबाकी फेडण्यात जातो.

डुलकीला गुन्हा मानणे थांबवा. नासाच्या एका अभ्यासात लांब पल्ल्याच्या वैमानिकांना, सहकारी जागा असताना, आळीपाळीने चाळीस मिनिटे विश्रांतीची मुभा दिली. त्यांना सरासरी सव्वीस मिनिटे झोप लागली. विमान उतरवण्याआधीच्या टप्प्यात ते न झोपलेल्या गटापेक्षा स्पष्टपणे अधिक सावध होते. वैमानिकाला जे चालते ते वॉर्डातल्या नर्सला, यंत्रावरच्या कामगाराला का चालू नये? वीसेक मिनिटांची डुलकी, बदली माणूस जागेवर, आणि उठल्यावर लगेच गुंतागुंतीचे काम हाती द्यायचे नाही, कारण जाग आल्यानंतर काही वेळ डोके जड असते. एवढे पाळले तर चोरून, खुर्चीत मान टाकून, भीतीच्या सावटाखाली घेतली जाणारी डुलकी उघड आणि सुरक्षित होईल. तीन ते पाचच्या दरम्यान टाळता येण्याजोगी नाजूक कामे ठेवू नका. जी टाळता येत नाहीत ती दोघांनी तपासावीत.

आणि आता तो मुद्दा, जो माझ्या बाजूचे लोक बऱ्याचदा सांगत नाहीत. तास कमी केले की आपोआप सगळे सुधारते, असे नाही. २००४ मध्ये अमेरिकेतील अतिदक्षता विभागांत शिकाऊ डॉक्टरांच्या चोवीस तासांहून लांब ड्युट्या काढून टाकल्या, तेव्हा असे दिसले की जुन्या वेळापत्रकात गंभीर चुका ३६ टक्क्यांनी अधिक होत होत्या. पुढच्या वर्षी आणखी एक अभ्यास आला: अशा लांब ड्युटीनंतर घरी जाताना वाहन अपघात होण्याची शक्यता दुपटीहून जास्त. पण २०२० मध्ये अनेक रुग्णालयांत मोठी चाचणी झाली, तेव्हा कमी तासांच्या वेळापत्रकात चुका उलट वाढलेल्या आढळल्या. मी ते वाचून हादरले. खोलात गेल्यावर कळले की तास कमी करताना पुरेशी माणसे वाढवलेली नव्हती, आणि एकेका डॉक्टरच्या वाट्याचे रुग्ण वाढले होते. तो बोजा हिशेबात धरला की फरक उरत नव्हता.

म्हणून तुम्हाला एकट्याला दोष देणे मला पटत नाही. तक्ता भरायला चौदा माणसे लागतात आणि दहाच दिली जातात, तेव्हा कितीही शहाण्या माणसाने आखला तरी तो तक्ता कुणाच्या तरी झोपेतून चार माणसे काढतो. ही गोष्ट वरच्या पातळीवर तुम्हीच सांगू शकता. आमच्या तोंडून ती तक्रार वाटते, तुमच्या तोंडून आकडेवारी. पदे मंजूर करणाऱ्यांसमोर जाताना तक्त्याची अशी एक प्रत करा, ज्यात प्रत्येकाच्या नावापुढे पाळ्यांचे तास नसतील. दोन पाळ्यांमध्ये, येण्याजाण्याचा आणि जेवणखाण्याचा वेळ वजा जाता, रात्रीच्या काळोखात झोपायला किती तास उरले, ते असेल. ते आकडे पाहिल्यावर चर्चेचा सूर बदलतो, असा माझा विश्वास आहे.

शेवटची मागणी छोटी आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. कुठेही चूक झाली, अपघात झाला किंवा थोडक्यात टळला, की चौकशीचा एक फॉर्म भरला जातो. त्यात नाव, हुद्दा, वेळ, काय घडले, कुणाचा हलगर्जीपणा, असे रकाने असतात. त्यात आणखी तीन घाला: घटनेच्या वेळी हा माणूस सलग किती तास जागा होता, मागच्या दोन दिवसांत एकूण किती झोपला, आणि ही त्याची सलग कितवी रात्र होती. वर्षभर हे रकाने प्रामाणिकपणे भरू द्या, त्यावरून कुणालाही शिक्षा करू नका, आणि वर्षाच्या शेवटी ते सगळे फॉर्म तुमच्या तक्त्याशेजारी ठेवून वाचा.

आपली,
पाळ्यांमध्ये काम केलेली एक परिचारिका